'निरंक'खाली चांगुणाबाईची सही

खामगावातल्या आमच्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये छपराच्या कामाला आलेल्या माणसाला फाटकातच सांगितलं जातं, "दोनी हात वर कर." नवा माणूस बावचळतो. त्याला वाटतं झडती आहे, बिड्या काढून घेतात की काय. हुकूम सोडणारी बाई जेमतेम पावणेपाच फुटांची. डोक्यावर पदर, नाकावर चष्मा, पुढ्यात रजिस्टर. ही चांगुणाबाई. हात वर झाले की ती खांद्यावरून येणारा सेफ्टीचा पट्टा त्याच्या हातात देते आणि म्हणते, "घाल." एवढीच परीक्षा.

मी या मिलमध्ये तेहतीस वर्षं दिवाणजी आहे. कागद म्हणजे काय चीज असते ते मला कोणी शिकवू नये. छपराचा ठेकेदार फाईल घेऊन येतो. नोंदणीचा दाखला, विम्याचा कागद, मागच्या कामांची पत्रं, पट्टे-टोप्या घातलेल्या कामगारांचे फोटो. सगळं जागच्या जागी असतं, टाचणीसुद्धा नवी असते. एका वर्षी तीन ठेकेदारांच्या तीन फायली आल्या. मी त्या वरवर चाळून मंजुरीला पाठवणारच होतो. चांगुणाबाई तेव्हा नुकतीच फाटकाच्या रजिस्टरवर बसायला लागली होती. तिने तिन्ही फायलींतले फोटो माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी मांडले.

"दिवाणजी, हा मिशीवाला तिघायकडं एकाच टायमाले कसा काय कामाले हाय?"

पाहतो तर तोच माणूस, तोच पिवळा पट्टा, मागे तेच लिंबाचं झाड. फोटोवाला एक, त्याने पट्ट्याचा एक जोड दुकानात ठेवलेला, येईल त्या ठेकेदाराच्या फायलीत हाच मिशीवाला उभा. मला हसू आलं. तिला नाही आलं.

तेव्हापासून तिने ही हात वर करायची रीत काढली. तिचं म्हणणं साधं होतं. ज्याला पट्टा घालता येत नाही, त्याने तो कधी घातलेला नाही. आणि ज्याचा हात कानाच्या वर जात नाही, तो कधीतरी पडलेला आहे. मग ती त्याला बसवते, पाणी देते आणि विचारते, "कुठं पडला भाऊ? कोनाच्या कामावर?" माणसं मला सांगणार नाहीत ते तिला सांगतात. देऊळगाव राजाकडचा जानराव ठेकेदार असाच सापडला. फाईल अशी की पाहत राहावं. अपघाताच्या रकान्यात 'निरंक'. आणि त्याच्या सहा माणसांतल्या दोघांचे हात खांद्यापाशीच अडकले, तिसऱ्याने पायात घालायचे फास हातात घातले. जानरावने फाटकात बराच आरडाओरडा केला, ही कोण बाई, हिला छपरातलं काय कळतं वगैरे. चांगुणाबाई रजिस्टर बंद करून बसून राहिली.

आता हे 'निरंक' प्रकरण. ज्याने कचेरीत उमेदवारी केली त्याला हा शब्द पाठ असतो. रकाना रिकामा सोडायचा नाही. काही घडलेलं नसेल तर निरंक लिहायचं. आणि घडलेलं असेल, पण ते घडलेलं नको असेल, तरीही निरंकच लिहायचं. मी दोन्ही प्रकारे लिहिलंय. माझं अक्षर वळणदार आहे, त्यामुळे असली कामं माझ्याचकडे यायची. त्यातलं एक चांगुणाबाईचं होतं. रिटायर व्हायला दोन महिने उरले म्हणून आज हे लिहितोय. त्याआधी लिहायची माझी छाती नव्हती, उगाच शूरपणाचा आव कशाला आणू.

२०१३च्या मे महिन्यात हंगाम संपला आणि सरकीच्या गोदामाचे फुटके पत्रे बदलायला काढले. सिमेंटचे पत्रे, चाळीसेक वर्षांचे. असा पत्रा खालून धड दिसतो आणि पाय पडला की पापडासारखा मोडतो. काम शालिग्राम ठेकेदाराकडे होतं. त्याच्या टोळीत धम्मरत्न होता, चांगुणाबाईचा नवरा, बीबी गावचा, अंगाने सडपातळ. सडपातळ म्हणूनच त्याला वर पाठवायचे. पट्टा नाही, पत्र्यावर आडव्या फळ्या नाहीत. अकराच्या सुमाराला आवाज झाला. आम्ही धावलो तेव्हा तो फरशीवर होता आणि संपला होता.

नंतर जे झालं ते फार पटपट झालं. वरून निरोप आला की मिलच्या आवारात काही झालेलं नाही. शालिग्रामने गाडी आणली. मला बोलावलं, कागद घेऊन बसा म्हणाले, आणि मी बसलो. बीबी गाठेपर्यंत दोन-अडीच तास लागतात. तेवढ्या वेळात मांडीवर फाईल ठेवून मी जबाब लिहिला. धम्मरत्न हा राहत्या घरावर टिनं बसवताना तोल जाऊन पडला. मागच्या सीटवर तो होता, आणि मी पुढे बसून तो घरी पडल्याचं लिहीत होतो.

बीबीला उतरलो आणि वर पाहिलं. त्याचं घर धाब्याचं होतं. वर सपाट माती, तिच्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. टिनाचं नाव नाही. मी घर न पाहताच टिनं लिहिली होती, आणि पंच दुपारनंतर घर पाहायला येणार होते. शालिग्राम म्हणाला, "कागद बदलवू नका दिवाणजी, ठाण्यात फोनवर टिनंच सांगतली. घरच बदलवतो." त्याने कुठून तरी बारा टिनं आणवली. अंगणात धम्मरत्न चादरीखाली, त्याच्या डोक्याशी चांगुणाबाई, मांडीवर सात वर्षांची महामाया. आणि वर चार माणसं धाबं उकरून टिनं ठोकत होती. तीन तास तो ठोकण्याचा आवाज चालला होता. बायकांचं रडणंही नीट ऐकू येईना. पंच आले, वर पाहिलं, खाली पाहिलं, कागद पाहिला. चांगुणाबाईने जबाबाखाली अंगठा नाही लावला, सही केली. सातवी शिकलेली होती. बदल्यात मिलमध्ये नोकरी आणि मिलच्या चाळीत एक खोली, असं ठरलं होतं. मी तिच्याकडे पेन दिला तेव्हा तिने एकच विचारलं, "इथं का?" आणि मी बोटाने जागा दाखवली.

पुढची बारा वर्षं ती आमच्यात आहे. आधी रुई झाडायला होती. चाळीत बसून बाहेरून दहावीला बसली, इंग्रजीत दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा सुटली. मग फाटकाच्या रजिस्टरवर आली. महामायाला तिने सांगितलं की बाबा घरी पडले. सुट्टीत पोरगी बीबीला गेली की त्या टिनांखाली झोपत नाही, चुलत्याकडे झोपते. आपल्या घराने बाप नेला असं तिच्या मनात बसलंय. हे चांगुणाबाईने मला एकदा सांगितलं होतं, अगदी सहज, रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहिता लिहिता. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

मागच्या वर्षी, २०२४च्या उन्हाळ्यात, गाठी बांधायच्या प्रेसच्या मोठ्या शेडचं छप्पर बदलायचं ठरलं. आमच्या गाठी घेणाऱ्या कंपनीने नवा नियम घातला होता. छपराच्या ठेकेदाराची पडताळणी करायची, आणि पडताळणी करणाऱ्याने आपल्या नावाने सही करायची. मॅनेजर गोकुळभाऊंनी चांगुणाबाईचं नाव कळवून टाकलं. तिची हात वर करायची रीत ऐकून कंपनीचे साहेब खूश झाले होते. त्यांनी मुद्दाम छापील नाव घालून फॉर्म पाठवला. फॉर्मच्या मध्यावर रकाना होता : गेल्या पंधरा वर्षांत ठेकेदाराच्या कामावर गंभीर अपघात वा मृत्यू. खाली बारीक अक्षरात, एकही असल्यास ठेकेदार आपोआप बाद.

दोघेच ठेकेदार आले. एक जानराव, नव्या फायलीसह. दुसरा शालिग्राम.

शालिग्रामची चौदा माणसं फाटकाशी ओळीत उभी राहिली. चांगुणाबाईने एकेकाला बोलावलं. चौदाच्या चौदा जणांचे हात सरळ वर गेले. चौदा जणांनी पट्टे घातले, कोणी चाचपडलं नाही. एक जण तर बोलता बोलता मागची कडी लावून मोकळा झाला. ती दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीने त्याची तीन जुनी कामं पाहून आली. वर चढायच्या फळ्या, खाली जाळी, दुपारी उन्हात काम बंद. तिथल्या लोकांना विचारलं. कोणी पडलं नव्हतं. पत्र्याने बोट कापलं त्याचीही नोंद होती. तिसऱ्या दिवशी जानरावच्या माणसांची परीक्षा झाली. आठांतल्या तिघांचे हात वर गेले नाहीत. एकाची गेल्या वर्षीच मेहकरकडे मांडी मोडली होती, त्याने स्वतः सांगितलं.

संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली आणि उभीच राहिली. मी बस म्हटलं तरी बसली नाही.

"दिवाणजी, त्या माणसाचं काम चांगलं हाय हो," ती म्हणाली. "लय चांगलं हाय."

कोणाचं, ते मी विचारलं नाही. चोर सापडला असता तर बरं झालं असतं, असा तिचा चेहरा होता.

शालिग्राम दुसऱ्या दिवशी एकटाच आला. केस पांढरे झालेत त्याचे. तिच्यासमोर उभा राहून चप्पल काढली. फाटकात कोणी चप्पल काढत नाही.

"वयनी," तो म्हणाला, "त्या दिवसापासून माह्या एका बी मानसाचं नख मोडलं नाही. म्या पट्ट्याबिगर कोनालेच वर चढू देल्लं नाही. तुमची आन."

"ते मले मालूम हाय," ती म्हणाली. "म्या समदं पाह्यलं. तोच तं वांधा हाय."

"मंग काय करता?"

"तुमी जा सद्या."

तो गेला. ती माझ्याकडे वळली. तिने जे सांगितलं ते इथे जसंच्या तसं लिहितो, कारण त्यात मी बदल करावा असं काही नाही.

"पाहा. या रकान्यात एक लिवला, तं शालिग्राम बाद. मंग काम जानरावले. शेडची उंची चाळीस फूट हाय, त्याची लंगडी मानसं वर जातीन, अन् पडतीन. लिवलं निरंक, तं चौदा जन खाली येतीन आपल्या पायानं. पन मंग धम्मरत्न मेलाच नाही. मागं सही केली तवा मी अडानी होती, पोरगी लहान होती, तुमी बोट दाखवलं अन् म्या केली. आता मले समजते. आता समजून-उमजून करा लागते. तं सांगा, मी कुठून निघू?"

मी म्हटलं, गोकुळभाऊंना सांगू, दुसऱ्या कोणाचं नाव घाला म्हणून. तिने मान हलवली. दुसरा म्हणजे कोण? फोटो पाहून सही करणारा. आणि 'एक' लिहिला तर प्रश्न शालिग्रामचा एकट्याचा राहत नव्हता. कुठे पडला, कधी पडला, मग जबाबात घर कसं आलं, जबाब कोणी लिहिला, नोकरी कशावर मिळाली, खोली कशावर मिळाली. महामायाचं अकोल्याला नर्सिंगचं पहिलं वर्ष चालू होतं आणि तिला घर म्हणजे ती चाळीतली खोलीच. मीही त्या प्रश्नांत होतो. खरं सांगायचं तर मला आधी माझीच आठवण झाली. पेन्शन नाही, पण तेहतीस वर्षांचं नाव आहे, ते जाईल, असं मनात आलं. लाज वाटते, पण आलं.

तिने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "मांगचं तुमी लिवलं. हे बी तुमीच लिवा."

"नाव तुमचं छापलंय, चांगुणाबाई."

मी नजर खाली घातली. मग तिने फॉर्म ओढून घेतला, पेन माझ्याच डब्यातून उचलला, आणि रकान्यात निरंक लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं. खाली पूर्ण नाव. चांगुणा धम्मरत्न हिवाळे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी चष्मा पुसायचं ढोंग केलं. तिचे डोळे कोरडे होते.

शेडचं काम अकरा दिवस चाललं. त्या अकरा दिवसांत चांगुणाबाई फाटकात कमी आणि शेडखाली जास्त होती. खुर्ची नेऊन बसायची आणि वर पाहायची. गोकुळभाऊ म्हणाले, बाई, मानेला लचक भरेल. वरच्या माणसांनी तिला आधी हसून घेतलं, मग एखाद्याचा पट्टा सैल दिसला की तेच ओरडायचे, "अबे, माय पाहून राह्यली." शेवटच्या दिवशी चौदाही जण खाली उतरले. ती उठली, खुर्ची उचलली आणि फाटकात येऊन बसली. मला वाटलं, आता संपलं.

या जानेवारीत कंपनीने एक निळी पाटी पाठवली. फाटकात, चांगुणाबाईच्या डोक्यावरच ती लावली. वर लिहिलंय, शेवटच्या अपघातानंतरचे दिवस, आणि खाली आकडे अडकवायचे चार खिळे. आकडा रोज सकाळी तिनेच बदलायचा. सुरुवात कुठून करायची, हे गोकुळभाऊंनी तिच्यावर सोपवलं. म्हणाले, चांगला मोठा आकडा टाका. तिने पहिल्या दिवशी टाकला ४२६६. गोकुळभाऊंनी विचारलं, कुठून काढला? ती म्हणाली, जुन्या कागदावरून. त्यांना आकडा भरघोस वाटला, ते पुढे गेले.

मला मात्र चैन पडेना. कोणता जुना कागद? मिलमधल्या कागदांपैकी माझ्या हाताखालून न गेलेला एकही नाही. दुपारी काम नव्हतं. कॅलेंडर घेतलं आणि मागे मोजत गेलो. वर्षं, लीप वर्षं, मग महिने. पहिल्यांदा एका दिवसाने चुकलो असं वाटून परत मोजलं. दोन्ही वेळा तिथेच आलो. १७ मे २०१३, शुक्रवार.

मी उठून फाटकात गेलो. ती पाटी पुसत होती. मी आकड्याकडे पाहत उभा राहिलो, तेव्हा तिला कळलं की मला कळलंय.

"त्यायनंच इचारलं होतं ना, शेवटचा अपघात कवा झाला म्हनून," ती म्हणाली. "म्या सांगतला."

"कोणी विचारलं तर?"

"कोन इचारते? साहेब येतात, आकडा पाह्यतात, चांगलं हाय म्हनतात, जातात. रोज सकाळी मी एक वाढोतो. त्याचा दिस समद्यायसमोर टांगलेला हाय, अन् कोनाले दिसत नाही."

मी म्हटलं, "बरं केलं."

तिने फडकं घडी केलं. "बरं कायचं दिवाणजी," ती म्हणाली. "मी तं आनखी अडकली. आता इथं कोनी बी पडला, तं या पाटीचं शून्य करा लागते. अन् ते मलेच करा लागते, माह्या हातानं. मंग धम्मरत्न कुठंच राह्यत नाही."